वाचकांचे प्रश्न : सही करण्याआधी

महापालिका शाळांचा पैसा कुठून येतो, कोण खर्च करतं आणि जाब कुणाला विचारायचा, या विषयावर बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलेल्या पालकांची आहेत. तक्रारींतली शाळांची, शहरांची आणि माणसांची नावं काढून प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न : मी समितीची अध्यक्ष आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि ‘ग्रँट परत जाईल, सह्या करून टाका’ म्हणाले. ठराव लिहिलेला नव्हता, बिलं तीन होती. मी सह्या केल्या. आता धास्ती वाटते. पुढच्या वेळी काय बघून सही करायची?

उत्तर : पैसे परत जातात हे खोटं नाही. समग्र शिक्षा या केंद्र आणि राज्याच्या योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान आता शाळेच्या खात्यात येऊन पडून राहत नाही. पैसा राज्याच्या एकाच मुख्य खात्यात असतो आणि शाळेला पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर खर्चाची मर्यादा मिळते. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा जाते. ती मर्यादाच जर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली, तर पंधरा दिवसांत ‘काहीतरी’ खरेदी होते. घोटाळ्यांना सगळ्यात सुपीक जमीन हीच.

तेव्हा आधी रक्कम माहीत करून घ्या. अनुदान पटावर ठरतं : ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायला हवेत. ४०० मुलांच्या शाळेला ७५,००० मंजूर असतील, तर निदान ७,५०० रुपयांचं फिनाइल, झाडू, साबण, नळदुरुस्ती बिलांत दिसली पाहिजे. मंजूर किती आणि प्रत्यक्ष मर्यादा किती मिळाली, हे दोन आकडे वेगवेगळे विचारा, कारण रक्कम हप्त्यांनी येते.

मग तारखा. क्रम असा असतो : ठराव, दरपत्रकं, पुरवठा आदेश, माल आणि बिल, साठा नोंदवहीत नोंद, शेवटी पैसे. बिल १८ मार्चचं आणि ठराव २४ मार्चचा असेल तर खरेदी आधी झाली आणि समितीला नंतर विचारलं, एवढाच त्याचा अर्थ. अशा कागदावर सही करू नका. ‘ठराव मागाहून लिहून घेऊ’ हे वाक्य ऐकू आलं तरीही नाही.

तीन दरपत्रकं समोर आली की आकडे बघण्याआधी वरचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन राज्याची, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. दोन वेगळ्या दुकानांच्या दरपत्रकांवर ही मधली दहा अक्षरं सारखी निघाली, तर पाट्या दोन पण मालक एकच. स्पर्धा झालीच नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की दुकानाचं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही दिसतं. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. तिथे दुकान लहान व्यापाऱ्यांसाठीच्या ‘कंपोझिशन’ योजनेतलं दिसत असेल आणि बिलावर मात्र १८ टक्के कर वेगळा लावलेला असेल, तर ते बिल चूक आहे. त्या योजनेतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाकडून कर वसूल करता येत नाही. शिवाय तिन्ही पत्रकांत शुद्धलेखनाची तीच चूक, तोच टाइप आणि तीच तारीख असेल तर ती एकाच संगणकावरून निघालेली असण्याचीच शक्यता जास्त.

झालेल्या सह्यांबद्दल : गप्प बसलात तर पुढे जबाबदारी तुमच्यावरही येईल. पुढच्याच बैठकीत ‘मार्चमधील खर्चाचं वाचन’ हा विषय घ्यायला लावा, बिलांच्या प्रती मागा आणि वस्तू प्रत्यक्ष मोजा. खुर्च्या, पंखे, कपाटं जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढलेली हवीत, आणि वस्तूवर रंगाने क्रमांक घातलेला हवा. बिलात १२ पंखे आणि छताला ८ असतील तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच.

प्रश्न : आमच्या शाळेत समितीची निवड कधी झाली कळलंच नाही. नावं थेट फलकावर लागली. चालतं का?

उत्तर : नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि मिळालेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे. पालक सभेची सूचना आणि हजेरी वही दाखवा, एवढीच मागणी लेखी करा. सभा झालीच नसेल तर वहीही नसेल. कलम ३२ खाली महापालिकेकडे तक्रार देता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे होतं.

प्रश्न : मुंबई महापालिकेचं शिक्षणाचं बजेट चार हजार कोटींच्या घरात आहे म्हणतात. मग मुख्याध्यापकांना साधा पंखा का घेता येत नाही?

उत्तर : मुंबईत शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जातो, त्याला ‘ई’ अर्थसंकल्प म्हणतात. २०२४-२५ साठी तो सुमारे ३,४९८ कोटींचा होता, २०२५-२६ साठी सुमारे ३,९५५ कोटींचा. वृत्तपत्रांत मथळा या आकड्याचा होतो. शाळेपर्यंत काय पोचलं ते मात्र त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या रकान्यांत असतं.

प्रत्येक शीर्षासमोर, म्हणजे खर्चाच्या बाबीसमोर, साधारण चार आकडे असतात : मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. लोक चौथा वाचतात. तुम्ही पहिला वाचा, आणि तो त्याच वर्षाच्या जुन्या पुस्तकातल्या अंदाजाशी ताडून बघा. त्यासाठी तीन वर्षांची पुस्तकं शेजारीशेजारी ठेवावी लागतात. एखाद्या योजनेला दर फेब्रुवारीत रक्कम जाहीर होते, सुधारित अंदाजात ती निम्म्यावर येते आणि प्रत्यक्ष खर्च त्याहूनही कमी निघतो, असं सलग दिसलं तर ती योजना भाषणापुरती आहे असं समजायला हरकत नाही.

महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चाचा मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनाचा असतो. त्यात कपात होत नाही. कात्री लागते ती दुरुस्ती, साहित्य आणि बांधकामाला. दुसरं म्हणजे प्राथमिक शिक्षणापोटी राज्याकडून येणं असलेली रक्कम थकली आहे, असं महापालिका अर्थसंकल्प मांडताना वर्षानुवर्षं सांगत आली आहे. ते येणं जमेच्या बाजूला धरून खर्च आखला आणि पैसे आले नाहीत, की पहिला बळी दुरुस्तीचा.

आता पंखा. इमारतीची कामं मुख्याध्यापकांच्या हातात नसतात. ती शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडे जातात. मुख्याध्यापक मागणीपत्र देतात आणि वाट बघतात. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मागणीपत्राचा जावक क्रमांक आणि तारीख मागून घ्या आणि त्या क्रमांकाने कक्षाकडे चौकशी करा. जावक क्रमांकच नसेल, तर मागणी कधी शाळेबाहेर पडलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर बराच काळ आयुक्तच प्रशासक होते. ज्यांनी प्रस्ताव ठेवायचा त्यांनीच मंजूर करायचा. शिक्षण समितीत प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. त्या काळातल्या खर्चाचे कागद बघताना हे ध्यानात ठेवा : मंजुरी आहे, पण तिच्यावर चर्चेची नोंद सापडणार नाही.

प्रश्न : शाळेच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती झाली म्हणून फलक लागला. टाइल्स निम्म्याच बसवल्यात असं वाटतं. आम्ही इंजिनिअर नाही, तपासणार कसं?

उत्तर : टेप आणि मोजमाप पुस्तक पुरे. या पुस्तकाला कंत्राटदार आणि कर्मचारी ‘एमबी’ म्हणतात. कनिष्ठ अभियंता त्यात झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची लिहितो, वरचा अधिकारी तपासून सही करतो आणि त्यावर देयक निघतं. अंदाजपत्रक किंवा फलकावरची रक्कम बघून काही कळत नाही. पैसे एमबीवर निघतात.

उदाहरण घेऊ. खोली ३ मीटर गुणिले ४ मीटर. चारही भिंतींची लांबी १४ मीटर. टाइल्स जमिनीपासून २.१ मीटर उंचीपर्यंत, म्हणजे २९.४ चौरस मीटर. त्यातून ०.९ गुणिले २.१ मीटरचं दार वजा करा, १.८९. उरले सुमारे साडेसत्तावीस. एमबीत ५२ लिहिलेलं असेल तर फरक मोजणीच्या चुकीचा नाही. नेहमीच्या जागा अशा : दारं-खिडक्या वजा न करणं, टाइल्स दारापर्यंतच असताना छतापर्यंत उंची धरणं, आणि जुन्या टाइल्स काढून मलबा वाहून नेल्याची रक्कम लावून प्रत्यक्षात जुन्यावरच नव्या चिकटवणं. शेवटचं ओळखायला टाइलवर नाणं वाजवा. पोकळ आवाज बऱ्याच ठिकाणी आला तर खाली माल नीट बसलेला नाही.

एमबीच्या पानांना छापील क्रमांक असतात, मधलं पान गायब चालत नाही, खाडाखोड केली तर तिथे सही लागते. नळ, भांडी, दारं नगावर असतात, ती बोटांवर मोजा. निविदेत आयएसआय खुणेचा नळ लिहिला असेल तर ती खूण नळावरच कोरलेली असते.

खोट सापडली तर ‘दोषदायित्व कालावधी’ किती आहे ते कार्यादेशात, म्हणजे कंत्राटदाराला काम दिल्याच्या आदेशात, बघा. त्या मुदतीत कंत्राटदाराने फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं, आणि त्याची अनामत महापालिकेकडे अडकलेली असते. मुदत संपण्याच्या आत लेखी कळवलं नाही, तर अनामत परत जाते आणि पुढच्या वर्षी त्याच स्वच्छतागृहावर नवं काम निघतं. तेच काम पुन्हा निघालं आहे का, हे बघायला मागच्या तीन वर्षांचे कार्यादेश मागवा. एकाच इमारतीची कामं लहान लहान तुकड्यांत, एकाच आठवड्यात, ई-निविदेच्या मर्यादेखाली थोडक्यात बसतील अशा रकमांची दिसली, तर तुकडे मुद्दाम पाडले आहेत का, असं लेखी विचारा.

प्रश्न : पोषण आहार बाहेरच्या स्वयंपाकगृहातून येतो. मुलं जेवढी जेवतात त्यापेक्षा जास्त ताटांचं बिल होतं असा संशय आहे.

उत्तर : शहरात तांदूळ थेट स्वयंपाकगृहाला जातो, त्यामुळे शाळेने रोज लिहून दिलेला ताटांचा आकडा हीच एकमेव गाळणी आहे. तोच फुगला तर पुढचा सगळा हिशेब कायदेशीर दिसतो.

आकडा असा तपासा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. १ मे २०२५ पासून तांदूळ सोडून बाकी साहित्याचा माणशी रोजचा दर अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे आणि १० रुपये १७ पैसे. एखाद्या दिवशी खालच्या वर्गांत २४० आणि वरच्या वर्गांत ११० ताटं नोंदवली, तर तांदूळ २४ अधिक १६.५, म्हणजे साडेचाळीस किलो, आणि साहित्याचे २,७४५ रुपये ९० पैसे. रोज तीस ताटं जास्त दाखवली तर शाळेच्या २०० दिवसांत ६,००० ताटं होतात. शहरातल्या शंभर शाळांत असंच चाललं तर किती, ते तुम्हीच मांडा.

वर्गहजेरी वही आणि आहार नोंदवही एकाच तारखेची उघडा. आहाराचा आकडा हजेरीपेक्षा जास्त असूच शकत नाही. कमी असू शकतो, कारण काही मुलं डबा आणतात. मग आकड्यांची चाल बघा. खरी हजेरी शनिवारी, सणाच्या आदल्या दिवशी, मुसळधार पावसात घसरते. लोकल बंद पडलेल्या दिवशीही ९८ टक्के मुलं जेवली असतील, तर तो आकडा मोजलेला नाही, आदल्या दिवशीचा उतरवलेला आहे.

राज्यात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला झालेल्या पटपडताळणीत वीस लाखांच्या आसपास नावं फक्त कागदावरची निघाली होती. त्यानंतर आधार, ऑनलाइन नोंदी, यू-डायस प्लस ही शाळा-विद्यार्थ्यांची माहितीप्रणाली असं बरंच आलं. पटावरची खोटी नावं त्याने कमी होतात. हजर नसलेल्याला हजर दाखवणं थांबत नाही. त्याला वर्गात डोकी मोजणं हाच उपाय. समितीतल्या दोन पालकांनी महिन्यातून दोनदा, न सांगता, जेवणाच्या वेळी जावं. त्याच वेळी चव नोंदवहीत सही करावी, आणि जेवण न चाखता केलेल्या आदल्या महिन्याभराच्या एकसारख्या सह्या दिसल्या तर तेही लिहावं.

जेवण आलंच नाही, तर २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलांना अन्नसुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकलं, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते. हा भत्ता फार थोडे पालक मागतात.

प्रश्न : गणवेश समितीने खरेदी करावा की वरून यावा?

उत्तर : आमचं मत समितीच्या बाजूचं आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकत्र घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा समितीकडे देण्याचा निर्णय झाला. समितीच्या खरेदीतही खोट होते, पण ती शाळेच्या दारात असते, दिसते.

दोन जोडांना ६०० रुपये, म्हणजे जोडाला ३००. या दरात उत्तम कापड मिळणार नाही, हे आधीच धरून चाला. एप्रिलमध्येच मापं घ्या, वाढीसाठी शिवणीत कापड सोडायला सांगा. नमुन्याचा एक जोड समितीच्या सह्यांनिशी पाकिटात बंद करून शाळेत ठेवा, आणि माल आला की त्याच्याशी ताडा. पैसे सगळे जोड मोजून, पालकांच्या सह्या झाल्यावरच.

प्रश्न : ‘ऑडिट झालंय’ असं सांगून गप्प करतात.

उत्तर : ऑडिट झालं म्हणजे आक्षेप निघाले असतील. महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आणि राज्याचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग परिच्छेदवार आक्षेप नोंदवतात. त्यात ‘आक्षेपाधीन रक्कम’ म्हणजे कागद अपुरे म्हणून अडलेली, आणि ‘वसूलपात्र रक्कम’ म्हणजे कुणाकडून तरी परत घ्यायची. दुसरा आकडा शोधा, आणि त्यापुढचं अनुपालन, म्हणजे आक्षेपाला विभागाने दिलेलं उत्तर. बहुतेक ठिकाणी उत्तर असतं ‘अभिलेख शोधून सादर करण्यात येतील’. ते वाक्य सलग किती वर्षं आलं आहे ते मोजा. दरम्यान सही करणारा अधिकारी बदलून जातो, निवृत्त होतो, आणि आक्षेप कुणाच्याच नावावर राहत नाही. म्हणून ‘प्रत्येक आक्षेपाच्या काळात संबंधित पदावर कोण कार्यरत होते’ ही माहितीही मागायची.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज केला, ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून परत आला.

उत्तर : कारण तुम्ही बहुधा ‘शाळेच्या सर्व खर्चाची संपूर्ण माहिती’ मागितली. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि इतकंच लिहा : ‘सन २०२४-२५ मध्ये सदर शाळेच्या स्वच्छतागृह दुरुस्तीचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने व अंतिम देयक यांच्या प्रती.’ मुलांची नावं, शिक्षकांचे पगार, कुणाचे बँक तपशील मागू नका. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारायला आयतं कारण मिळतं. संख्या मागा, नावं नको. ‘का’ असंही विचारू नका, कारण माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा नाही.

३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो. तोवर दुसरा रस्ता वापरा : महापालिकेच्या कार्यालयात सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहू देण्याचा शासनाचा निर्णय २०१८ पासून आहे. जाताना पेन्सिल, वही, एक साक्षीदार आणि कुठलं पान बघायचंय त्याची चिठ्ठी न्या. फाइल ‘वर गेली आहे’ असं सांगितलं तर कुणाकडे आणि कोणत्या तारखेला, ते आवक-जावक नोंदवहीत दाखवायला सांगा.